किल्ली कामापुरतीच द्या

डिस्कॉर्ड या गप्पांच्या अ‍ॅपवर सर्व्हर काढला की पहिल्याच आठवड्यात मित्रमंडळींना सरसकट ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ केलं जातं. दोस्तीखात्यात! ज्याला फक्त शिवराळ मेसेज पुसायचे आहेत, त्याच्या हाती सगळे चॅनेल उडवण्याची ताकद जाते.

हा अधिकार साधा नाही. एखाद्या चॅनेलवर कितीही बंदी घाला, अ‍ॅडमिनिस्ट्रेटरला ती लागूच होत नाही. शिवाय डिस्कॉर्डवर अधिकार ‘रोल’मधून, म्हणजे सभासदाला दिलेल्या भूमिकांमधून मिळतात आणि त्या सगळ्यांची बेरीज होते. एका रोलने सर्व्हरभर दिलेली मुभा दुसरा रोल सर्व्हरभर काढून घेऊ शकत नाही. दोन वर्षांपूर्वी कुठल्याशा स्पर्धेसाठी बनवलेला, आता कुणाच्या लक्षातही नसलेला रोल आपलं काम गुपचूप करत राहतो.

2022च्या जूनमध्ये ‘बोअर्ड एप यॉट क्लब’ या एनएफटी-समूहाच्या डिस्कॉर्डवर काय झालं? समुदाय सांभाळणाऱ्या एकाचं खातं चोरांनी बळकावलं, त्यावरून खोट्या लिंक टाकल्या आणि लोकांचे सुमारे 200 इथर किमतीचे एनएफटी गेले. सभासदांनी विश्वास ठेवला, कारण नाव ओळखीचं होतं. तुमचा मॉडरेटर सज्जन असेलच. पण त्याचं खातं चोराच्या हाती गेलं, तर त्याचा प्रत्येक अधिकारही चोराचाच.

बॉटांची तीच कथा. गाणी वाजवणारा बॉट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर मागतो आणि आपण न वाचता ‘हो’ म्हणतो. गाणं वाजवायला माणसं हाकलण्याचा अधिकार कशाला लागतो?

आपल्याकडे खरं घोडं पेंड खातं ते मानापानात. रोल काढला की माणूस रुसतो, म्हणून कुणी काढतच नाही. गणेशोत्सव मंडळात खजिनदार बदलला की कपाटाची किल्ली नव्याकडे जाते. त्यात जुन्याचा अपमान झाला असं कुणी मानत नाही. मग इथेच का मानायचं?

आज रात्रीच रोलची यादी उघडा. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर स्वतःकडे आणि फार तर आणखी एका भरवशाच्या माणसाकडे ठेवा. बाकीच्यांना मेसेज पुसण्याचा, गोंधळ घालणाऱ्याला काही काळ गप्प बसवण्याचा, असा नेमका अधिकार द्या. मॉडरेटरांना टू-फॅक्टर सक्तीचं करा. कुणी काय बदललं हे सांगणाऱ्या ऑडिट लॉगवरही नजर टाका. त्यातल्या नोंदी 45 दिवसच टिकतात, तेव्हा ‘सवडीने बघू’ चालणार नाही. कुणी रुसलं तर फोन करून समजूत काढा, रोल मात्र परत देऊ नका.