सोनेरी पाठीची स्नाइप माशी : नवशिक्यांसाठी ओळखपरेड

आधी ही माशीच आहे ना, ते बघून घ्या. अमेरिकेच्या पूर्व भागातल्या पानझडी जंगलात, मे-जूनच्या सुमारास, झुडपाच्या पानावर काळ्या अंगाचा आणि पाठीवर सोनेरी लव मिरवणारा किडा बसलेला दिसला की नवशिका ‘गांधीलमाशी!’ म्हणत चार पावलं मागे सरतो. सरावं. तिथूनच पंख मोजावेत. दोनच पंख, आणि मागच्या जोडीच्या जागी बारीक घुंड्या, तर ती माशी. चार पंख असले तर मागे सरलात तेच बरं.

आता फोटो काढा. बरोबर वरून काढा, म्हणजे सोनं छान झळकेल आणि ओळखीच्या कामाचं काहीही येणार नाही. जाणकार तो फोटो बघून एवढंच विचारतो : “तळपाय दिसतायत का?”

माशीचे तळपाय ही गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. स्नाइप माशीच्या नखांखाली तीन गाद्या असतात. उडत्या किड्यांवर झडप घालणाऱ्या दरोडेखोर माशीला दोनच. शिवाय तिचा दोन डोळ्यांमधला माथा खोलगट असतो आणि तोंडावर फौजदारी मिशा. गोमाशीच्या गाद्या मात्र तीनच, म्हणजे इथं पुन्हा घोळ. तेव्हा शृंगिका बघा : स्नाइप माशीच्या शृंगिकेला टोकाशी केसासारखा लांब तंतू असतो, गोमाशीला नसतो.

कुळ ठरलं, आता प्रजाती. पंखाच्या मागच्या कडेजवळचा गुदकोष्ठ कडेपर्यंत उघडा असेल तर ऱ्हॅगिओ, बंद असेल तर क्रायसोपिलस, म्हणजे आपली सोनेरी पाठवाली. पटत नसेल तर मागच्या पायाच्या नडगीचे काटे मोजा : ऱ्हॅगिओला दोन, आपल्या सोनेरी बाईंना एक. बाई की बुवा, हे मात्र लगेच कळतं. डोळे कपाळावर एकमेकांना टेकलेले असले तर नर. कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिसियसने १८०५ मध्ये हिला नाव दिलं ते ‘थोरॅसिकस’ (वक्षावरून), म्हणजे त्याचाही जीव त्या पाठीवरच जडला होता.

पश्चिमेकडच्या डोंगरांत गेलात आणि स्नाइप माशी चावली, तर ती बहुधा सिम्फोरोमायिया. तिच्या शृंगिकेचा तिसरा भाग मूत्रपिंडाच्या आकाराचा असतो. रक्त पीत असते तेवढा वेळ ती हलत नाही. भिंग तेव्हाच काढावं. चापट मारू नये, शृंगिका मोडतात.