गोल्डभाऊ

परभणीच्या नव्या मोंढ्यात एखाद्या कृषी सेवा केंद्राच्या गल्ल्यावर गोल्डभाऊ हमखास बसलेले दिसतात. हे कुणा एकाचं नाव नव्हे. सेलूत एक गोल्डभाऊ आहेत, मानवतच्या कापूसबाजारात दोन, आणि गंगाखेडचे अजून सिल्व्हरवरच अडकलेत म्हणून त्यांना फक्त भाऊ म्हणतात. वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. मे महिन्यात दुकानातला कूलर कोरडा पडला तर यांना दुपारपर्यंत पत्ता लागत नाही. हॉटेलात मात्र खोलीची खिडकी कुठल्या अंगाला आहे, यावर काउंटरशी सविस्तर वाटाघाटी होतात. दुकानात ते मालक असतात, हॉटेलात मेंबर.

हे मेंबरपण त्यांना स्कीममधून चिकटलं. बियाण्याच्या धंद्यात स्कीम म्हणजे रोजचं. कापसाची इतकी पाकिटं उचला, बँकॉक. त्याहून जास्त उचला, दुबई. कमी पडली तर मिक्सर. अशाच एका दौऱ्यात कंपनीनं मोठ्या साखळीच्या हॉटेलात उतरवलं आणि काउंटरवरच्या मुलीनं भाऊंना फुकटात मेंबर करून घेतलं. फुकट म्हटल्यावर परभणीचा माणूस नाही म्हणत नाही. (पुण्याचाही म्हणत नाही, पण तो आधी अटी वाचतो.) परत येईपर्यंत भाऊंच्या मेलवर 'प्रिय सदस्य' अशी सुरुवात असलेलं पत्र येऊन पडलं होतं. तोवर त्यांना पत्रं यायची ती एक तर बँकेची, नाही तर जीएसटीची. प्रिय कुणीच म्हटलं नव्हतं.

मग अभ्यास सुरू झाला. 1981 साली अमेरिकन एअरलाइन्सनं प्रवाशांच्या मैलांचं खातं उघडलं, 1983 साली हॉलिडे इन आणि मॅरियट या दोघांनी तीच युक्ती हॉटेलांत आणली, 2016 साली मॅरियटनं स्टारवूड कंपनी विकत घेतली आणि सगळी खाती एकत्र करून 2019च्या फेब्रुवारीत त्यांना 'बॉनवॉय' असं नाव दिलं. ही सगळी वंशावळ भाऊंनी कृषी विद्यापीठाच्या 18 मेच्या खरीप मेळाव्यात, सोयाबीनचं वाण विचारायला आलेल्या एका शेतकऱ्याला उभ्या उभ्या ऐकवली. त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते समदं ठीक हाय भाऊ, पेरावं कधी?"

बॉनवॉयमध्ये वर्षाला 10 रात्री झोपलात तर सिल्व्हर, 25 झाल्या की गोल्ड, 50ला प्लॅटिनम, 75ला टायटॅनियम. त्याच्याही वर 100 रात्री आणि 23,000 डॉलर खर्च केले तर अँबॅसडर. हे पद ऐकून मोंढ्यातल्या जुन्या माणसांना मोटार आठवते. गोल्ड म्हणजे नेमकं काय, हे शेजारच्या दुकानदारांना पटेना, तेव्हा भाऊंनी धोंड्याच्या महिन्यातला जावई पुढं केला. तसाच मान, तशीच अगत्यानं विचारपूस. फरक एवढाच की जावयाचा मान लग्नात एकदा ठरला की ठरला. इथं दर साल नव्यानं रात्री मोजून द्याव्या लागतात. आणि सासरवाडीत अनारशाचं ताट 'उपलब्ध असल्यास' मिळेल असं कुणी लिहून देत नाही. हॉटेलवाले देतात. मोठी खोली, उपलब्ध असल्यास. दुपारी दोनपर्यंत मुक्काम, उपलब्ध असल्यास. गोल्डला फुकट नाश्ता तर उपलब्ध असला तरी नाही.

इथवर सगळं सुखाचं होतं. घोळ झाला तो भाऊंच्या मोबाइलवर पोरानं सवलतीत खोल्या देणाऱ्या साइटींची ॲपं टाकून दिली तेव्हा. भाऊंच्या अंगात मुळात दोन वारी येतात: एक मानाचं, दुसरं घासाघिशीचं. खताच्या गोणीमागं पाच रुपयांसाठी कंपनीच्या माणसाला तासभर बसवून ठेवणारा हा गृहस्थ. त्याला एके दिवशी दिसलं की साखळीच्या स्वतःच्या साइटवर 4,500ला असलेली खोली दुसरीकडं 3,900ला आहे. तेच हॉटेल, तीच तारीख, तोच पलंग. आता डॉलर 90 रुपयांचा धरा. 4,500 म्हणजे 50 डॉलर, डॉलरला 10 पॉइंट, म्हणजे 500 पॉइंट. इकडं रोख 600 रुपये वाचतायत, तिकडं 500 पॉइंट आणि गोल्डच्या हिशेबात एक रात्र जातेय. हा प्रश्न घेऊन भाऊ सबंध आठवडा अस्वस्थ होते. गिऱ्हाइकाला युरियाऐवजी त्यांनी डीएपीचा भाव सांगितला.

शेवटी घासाघिशीचं वारं जिंकलं आणि भाऊ 3,900ची खोली घेऊन पुण्याला गेले. काउंटरवर त्यांनी नेहमीच्या थाटात मेंबर नंबर सांगितला.

"सॉरी सर, हे बुकिंग थर्ड पार्टीचं आहे."

"थर्ड पार्टी गाडीच्या इन्शुरन्सला आसते. मी सोता समोर उभा हाय की!"

"तसं नाही सर. पॉइंट लागू होणार नाहीत. रात्र पण धरली जाणार नाही."

"कामून? झोपणार तर मीच हाय ना? का त्या साइटवाल्याला झोपिवता?"

त्या मुलीकडं याचं उत्तर नव्हतं, पण उत्तर आहे आणि ते मोंढ्यातल्या माणसाला तरी कळायला हवं. ते आडतीचं आहे. साइट गिऱ्हाईक आणून देते आणि त्याबद्दल खोलीच्या भाड्यातून पंधरा-वीस टक्के कापून घेते, कधी त्याहूनही जास्त. पॉइंट हे काही आकाशातून पडत नाहीत. त्यांचे पैसेही हॉटेलच्या मालकालाच साखळीकडं भरावे लागतात. एकाच पाहुण्यावर आडतही द्यायची आणि पॉइंटही, हे कुठला मालक करील? वर त्या पाहुण्याचा खरा मेल-पत्तासुद्धा अनेकदा हॉटेलकडं येत नाही, साइटकडंच राहतो. तेव्हा 3,900 रुपयांत झोपणारा माणूस हॉटेलच्या दृष्टीनं साइटचा पाहुणा. भाऊ हे सगळं कापसात रोज करतात. आडत्यामार्फत आलेल्या शेतकऱ्याला ते स्वतः कधी घड्याळ भेट देतात का? पण आपल्यावर वेळ आली की माणसाला बाजाराचे नियम अन्यायाचे वाटू लागतात.

मुलीनं समजूत घालायला एक गोष्ट सांगितली: खोलीवर नाही, तरी हॉटेलात जे जेवाल त्या बिलावर पॉइंट मिळतील. झालं. वहिनींनी दिलेल्या धपाट्यांचा आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा बॅगेतच राहिला. भाऊंनी 900 रुपयांचं जेवण घेतलं आणि 100 पॉइंट कमावले. खोलीत वाचलेल्या 600वर वरचे 300 घातले, असा त्याचा जमाखर्च. त्या जेवणानं पोट न भरल्यामुळं रात्री साडेअकराला दार लावून धपाटेही खाल्ले. त्यावर पॉइंट नव्हते.

दुसरी वाट सापडली ती 'बेस्ट रेट गॅरंटी'ची. साखळीच्या साइटवर बुकिंग करा, 24 तासांत तीच खोली दुसरीकडं स्वस्त दाखवून द्या. मॅरियट तो दर मान्य करून वर 25 टक्के सूट किंवा 5,000 पॉइंट देतं. मान आणि घासाघीस दोन्ही एकाच अर्जात! तेव्हापासून भाऊ बुकिंग केलं की रात्रभर जागतात. पण खोलीचा प्रकार तोच हवा, रद्द करण्याच्या अटी त्याच हव्यात, नाश्ता इकडं असेल तर तिकडंही हवा आणि लॉगिन केल्यावरच दिसणारा खास दर चालत नाही. या चाळणीतून दावा पार होणं म्हणजे पीकविम्याचे पैसे वेळेवर मिळण्याइतकंच दुर्मीळ. भाऊंचा एक पार झाला होता. त्याचं पत्र दुकानात परवान्याशेजारी लावलेलं आहे.

साइटींवरचा भाऊंचा राग एकदा मात्र निवला. 2022च्या ऑक्टोबरात भारतीय स्पर्धा आयोगानं मेकमायट्रिप-गोआयबीबोला 223.48 कोटी आणि ओयोला 168.88 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. आरोपांत एक असाही होता की आमच्यापेक्षा स्वस्त दर दुसरीकडं लावायचा नाही, अशा अटी हॉटेलांवर घातल्या जातात. बातमी आली त्या दिवशी भाऊंनी मोंढ्यात चहा पाजला. जणू तक्रार त्यांनीच केली होती आणि 223 कोटींतले 48 लाख तरी स्टेशन रोडच्या बँकेत जमा होणार होते.

मुंबईला गेल्यावर तर निराळीच पंचाईत. परतीची देवगिरी एक्स्प्रेस रात्री नऊनंतर सुटते. गोल्डला मुक्काम दुपारी दोनपर्यंत. पुढचे सात तास भाऊ लॉबीतल्या सोफ्यावर बसून असतात. कारण मेंबरानं सामान ठेवून दादरला चक्कर मारून यावी, हे त्यांना पदाला साजेसं वाटत नाही. प्लॅटिनम झालो की चारपर्यंत राहता येतं, असं ते सांगतात. गाडी तरीही नऊनंतरच आहे.

डिसेंबर आला की गोल्डभाऊंच्या घरात तणाव वाढतो. रात्री कमी पडलेल्या असतात. मग 'पार्टीची वसुली' असं सांगून भाऊ एकटेच पुण्याला जातात आणि नुसते झोपून येतात. ही वेडाची तऱ्हा एकट्या परभणीची नाही. अमेरिकेतही वर्षअखेरीला लोक रात्री भरायला असेच हिंडतात. पण तिथं त्यांना वहिनी नसतात. "आव, घरी पलंग नाय का?" असा सवाल एकदा झाला. भाऊंनी गोल्डचे फायदे समजावले. वहिनी म्हणाल्या, "मग मलाबी न्या. तिथं भांडी कोन घासतं, बगू तरी." त्या वर्षी भाऊंचा गोल्ड गेला, कारण दोघांचं रेल्वेचं तिकीट आणि लक्ष्मी रोडवरची खरेदी यांपुढं पॉइंटचं गणित उभं राहीना.

नांदेडच्या एका जुन्या लॉजवर त्यांनी सवयीनं विचारलं होतं, "तुमच्याकडं मेंबरशिप आसते का?" मॅनेजरनं वहीतून डोकं वर न काढता सांगितलं, "सकाळी सहाला एक बादली गरम पाणी. सगळे मेंबरच हायेत."

मला विचाराल तर, कंपनीच्या किंवा धंद्याच्या खर्चानं वर्षभर हिंडणाऱ्यानं थेट बुकिंग करून पॉइंट जरूर घ्यावेत. ती वरकमाई आहे. वर्षाकाठी एखाद्या लग्नापुरतं पुण्याला जाणाऱ्यानं जिथं स्वस्त मिळेल तिथून खोली घ्यावी. त्याआधी हॉटेलला एक फोन करावा, कारण आडत वाचत असेल तर मालक स्वतःच दर उतरवायला बऱ्याचदा तयार असतो. भाऊंना हे पटत नाही. त्यांच्या खात्यात कित्येक महिन्यांत नवा पॉइंट पडलेला नाही, आणि 24 महिने काही हालचाल झाली नाही तर जमलेले सगळे पॉइंट बाद होतात.

म्हणून एक विनंती. वाचकांपैकी कुणाचं पुण्या-मुंबईला लग्नकार्य असेल, तर खोल्या घेण्याआधी नव्या मोंढ्यात भाऊंना गाठा आणि लग्नाला त्यांनाही बोलवा. मेंबर स्वतः तिथं मुक्कामाला असेल आणि बिल त्यानं भरलं, तर तीन खोल्यांपर्यंतचे पॉइंट त्याच्या खात्यात पडतात. तुमचा वाटा फोनपेवर आगाऊ पाठवा. चौथी खोली लागली तर ती सवलतीच्या साइटवरून घ्या आणि तिच्यात साडूला उतरवा.