पंचतारांकित व्रतस्थ

भाऊ नावाचा माणूस सेवाग्रामात एकच नाही. आश्रमापासून मेडिकल कॉलेजपर्यंत कुठंही ‘भाऊ’ म्हणून हाक मारा, दोघे-तिघे वळून बघतील. अंगात खादी, खांद्याला शबनम, तोंडात बापू आणि मुलगा परदेशात. अशा भाऊंना आश्रमात पाहण्यात मजा नाही. तिथं सगळेच साधे, त्यात यांचा साधेपणा उठून दिसत नाही. त्यांना पाहावं ते मुलानं लंडनमध्ये बुक केलेल्या पंचतारांकित हॉटेलात. अशाच एका भाऊंचा हा वृत्तान्त मला त्यांच्या पत्नीनं, माईंनी सांगितला. भाऊ सांगतात तो निराळा, आणि बराच लांब.

1931 साली गोलमेज परिषदेला गेलेले बापू हॉटेलात उतरले नव्हते. म्युरिएल लेस्टर यांच्या किंग्जली हॉलमध्ये, ईस्ट एंडच्या कामगार वस्तीत, गच्चीवरच्या लहानशा खोलीत राहिले. हे भाऊंनी विमानात शेजाऱ्याला सांगितलं, टॅक्सीवाल्याला सांगितलं आणि हॉटेलच्या दारात बॅग घ्यायला धावलेल्या पोऱ्यालाही सांगितलं. बॅग मात्र दिली नाही. स्वावलंबन! ओढाताणीत तिचं चाक निखळलं आणि मग ती वर न्यायला दोन माणसं लागली.

दुसऱ्या दिवशी पहाटे चारला प्रार्थना, मग शरीरश्रम. भाऊंनी बाथरूम स्वतः पुसलं. फडकं सापडेना म्हणून हॉटेलचे पांढरेशुभ्र टॉवेल वापरले, चांगले चार. पलंग असा आवरला की सफाईवाल्या बाईला वाटलं, इथं कुणी झोपलंच नाही. तासाभरात मॅनेजर दारात. खोली पसंत पडली नाही का? भाऊंनी त्याला एकादश व्रतं समजावायला घेतली. बिचारा सातव्या, म्हणजे अस्वादापर्यंत टिकला.

अस्वाद भाऊंनी न्याहारीला आचरून दाखवला. चव घ्यायची नाही, पण अन्नही वाया जाऊ द्यायचं नाही. “आपण नाही खाल्लं तर हे लोक फेकून देतात ना बाप्पा!” या कळकळीपोटी त्यांनी तीन तऱ्हेचं चीज, मध, लोणी, गरम पाव आणि दोन वेळा पॅनकेक पोटात घातले. मग आश्रमाच्या शिस्तीनं स्वतःची ताटली धुवायला उठले. मुदपाकखान्याच्या दारात वाढप्यांनी अडवलं, तेव्हा कुठं ती हातातून सुटली.

खरा धक्का बसला तो संडासात. कमोडशेजारी भिंतीवर टेलिफोन! “आश्रमातबी व्हाइसरॉयनं फोन लावून दिला होता, पण तो देशाच्या कामासाठी. इथं बसून माणूस कोणाशी बोलते?” दुपारी त्याच फोनवरून त्यांनी वर्ध्याला धाकट्या भावाला फोन लावला. कुठून बोलून राह्यलो, एवढंच सांगायला. बिल मुलाच्या नावावर.

माई मात्र टबात गरम पाणी सोडून तासभर पडून राहिल्या. भाऊ दाराबाहेरून कळवळले, “अगं, बापू किंग्जली हॉलमध्ये राहिले होते!”

“झोपायला तिथं. भेटीगाठींचं ऑफिस नाइट्सब्रिजला होतं,” टबातून उत्तर आलं. “इथून पायी जाता येते.”

माईंनी नई तालीमच्या शाळेत इतिहास शिकवलेला आहे. भाऊ गप्प बसले.

किंग्जली हॉल पाहायचा राहूनच गेला. न्याहारी साडेदहापर्यंत चालायची, मग डोळा लागायचा.

असंग्रहाचं काय झालं ते आमच्या आळीतल्या प्रत्येक घरात मांडलेलं आहे. हॉटेलवाले रोज नवे साबण, नव्या बाटल्या ठेवायचे आणि भाऊ त्या रोज बॅगेत भरायचे. ठेवून घ्यायला नव्हे, वाटायला. मला करंगळीएवढी शाम्पूची बाटली मिळाली. तिच्यासोबत भोगवादावर पाऊण तासाचं व्याख्यान मिळालं, ते वेगळं.

यंदा मुलानं फोनवर सुचवलं, “बाबा, तुम्हाला त्या हॉटेलात अवघडल्यासारखं होतं, तर साधं गेस्ट हाउस बघू का?”

“नको रे,” भाऊ म्हणाले. “त्या लोकांना आता माझ्या सवयी माहीत झाल्या. नव्यांना उगाच कायले त्रास?”