२०६ हाडांचं सामान्यज्ञान

धारवाडची ख्याती एकेकाळी पेढ्यावर आणि गवयांवर होती. अलीकडे तिच्यात सप्तापूरच्या क्लासेसची भर पडली आहे. फौजदार, पीडीओ, केएएस, जे काही व्हायचं असेल त्यासाठी उत्तर कर्नाटकातली मुलं इथे खोल्या घेऊन राहतात आणि ‘सामान्य विज्ञान’ पाठ करतात. त्यातलं जीवशास्त्र फार सोयीचं. प्रौढ माणसाच्या शरीरात हाडं २०६. सर्वांत मोठी ग्रंथी यकृत. बेरीबेरी ब-१ जीवनसत्त्वाच्या अभावाने, रातांधळेपणा अ च्या. एवढं ज्याला येतं, तो जीवशास्त्राच्या बाजूने राज्यकारभाराला लायक. फौजदाराला हाडांचा आकडा कशाला हवा, असं कुजकट लोक विचारतील. कोठडीतल्या चौकशीनंतर शाबूत किती उरली, याची वजाबाकी करता येते, एवढा उपयोग तरी मान्य करायला हवा.

तक्रार आकड्यांबद्दल नाही. ज्यांची उत्तरं चुकली तरी कुणाचं काही बिघडत नाही असेच प्रश्न आपण विचारतो, आणि ज्यांच्या चुकीने माणसं दगावतात ते पेपरात येतच नाहीत, ही तक्रार आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली १२ देशांत अँटिबायोटिकबद्दल लोकांना काय ठाऊक आहे याची पाहणी केली. भारतात सुमारे हजार जणांना इंटरनेटवरून विचारलं, म्हणजे अगदीच अडाणी मंडळी नव्हती. त्यातल्या ७५ टक्क्यांनी सांगितलं, सर्दी-फ्लू अँटिबायोटिकने बरा होतो. सांगितलेला कोर्स पुरा करूनच थांबायचं असतं, हे ५८ टक्क्यांनाच माहीत होतं. सर्दी विषाणूमुळे होते आणि हे औषध जिवाणूंवर चालतं. विषाणूला त्याचं सोयरसुतक नसतं. उगाच घेतलेल्या गोळीने सर्दी जागची हलत नाही. पोटातले बिचारे जिवाणू मरतात, चिवट तेवढे तगतात आणि त्यांचीच प्रजा वाढते. यालाच उत्क्रांती म्हणतात. २०१८ च्या जानेवारीत केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी औरंगाबादेत डार्विन चुकीचा ठरवला. माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांनी पाहिल्याची नोंद नाही, हा पुरावा. सिंहसाहेब मुंबईचे माजी पोलीस आयुक्त, म्हणजे सामान्यज्ञानाची देशातली सर्वांत अवघड परीक्षा पास झालेले. पुढे २०२३ साली एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गळालाच. जिवाणूंना हे परिपत्रक पोचलेलं दिसत नाही.

अधिकाराची खुर्ची जितकी उंच, तितका हा विषय ऐच्छिक होत जातो. राजस्थान उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी ३१ मे २०१७ रोजी, निवृत्तीच्या दिवशी, पत्रकारांना सांगितलं की मोर आजन्म ब्रह्मचारी असतो आणि लांडोर त्याचे अश्रू पिऊन गर्भवती होते. हुबळीहून हावेरीकडे जाताना बंकापूरच्या किल्ल्यात मोरांचं अभयारण्य आहे. तिथली वाढती पिल्लं पाहता मोरांना रडण्यासारखं दुःख कुठलं, हा संशोधनाचा विषय ठरेल. पण मोराच्या गैरसमजात मोराचं काही बिघडत नाही. बिघडतं ते सुनेचं. सम तारखेला मुलगा, विषम तारखेला मुलगी, हे निवृत्तीमहाराज इंदुरीकरांच्या कीर्तनातलं गणित २०२० साली गाजलं आणि संगमनेरच्या कोर्टात गेलं. गर्भाचं लिंग बापाच्या शुक्राणूतून एक्स आला की वाय, यावर ठरतं. आईकडे द्यायला एक्सच असतो. तारखेचा संबंध फक्त कॅलेंडर छापणाऱ्यांशी.

यावर हुशार माणसं म्हणतील, अमेरिकेत तरी कुठे येतं? बरोबर आहे. तिथल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या पाहणीतही अँटिबायोटिकचा प्रश्न निम्म्याच लोकांना जमतो. त्यांची निम्मी चूक आपल्या तीन-चतुर्थांश चुकीचं समर्थन कशी होते, ते मात्र कळत नाही. दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे: ज्ञानाने वागणं सुधारतं हे कुणी सांगितलं? सांगलीतल्या म्हैसाळजवळ मार्च २०१७ मध्ये १९ भ्रूणांचे अवशेष सापडले, त्यातला प्रमुख आरोपी दवाखाना चालवणारा डॉक्टर होता. त्याला काय एक्स-वाय ठाऊक नव्हते? ठाऊक असणारच. असे धंदे करणाऱ्याचं जीवशास्त्र पक्कं असतं. ते कच्चं असतं गिऱ्हाइकाचं, आणि त्याच कच्चेपणावर दुकान चालतं. मुलाचा हव्यास एका प्रश्नाने सुटणार नाही, हे खरं. पण तिसऱ्या मुलीनंतर ‘हिलाच मुलगे होत नाहीत’ म्हणून लेकासाठी दुसरी बायको शोधायला निघालेल्या घराच्या हातातलं एक कारण तरी निघून जाईल. परीक्षेकडून याहून जास्त अपेक्षा कुणी करू नये, आणि याहून कमीही करू नये.

तेव्हा लोकसेवा आयोगाने हाडं खुशाल विचारावीत. त्यांच्या जोडीला अँटिबायोटिक कशावर चालतं आणि मुलगा-मुलगी कुणामुळे ठरतं, हे दोन प्रश्न सक्तीचे ठेवावेत. चुकला तर बाकीचा पेपर तपासू नये. मंत्र्यांना शपथ देण्याआधीही तोच पेपर द्यावा, कॉपीची सवलत ठेवून. तो दिवस उगवेपर्यंत, वाचकहो, नाक गळू लागलं म्हणून मेडिकलवाल्याकडे ‘ती मागची स्ट्राँग गोळी’ मागू नका. सर्दी बहुधा आठवड्या-दहा दिवसांत आपली आपण बरी होते.