बिजवर लॅपटॉप

आमच्या रसायनीत जुन्याला काय म्हणायचं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. हिंदुस्थान ऑरगॅनिक या रसायन कंपनीचे इथले प्लांट बंद करायचं २०१७ मध्ये ठरलं (इस्रोच्या कामाचा तेवढा एक वाचला), तेव्हा त्यांना कुणी 'रिफर्बिश्ड' म्हटलं नाही. भंगार ते भंगार.

लॅपटॉपची जात वेगळी. 'रिफर्बिश्ड, ग्रेड ए, जवळजवळ नवा' असा ऑनलाइन मागवलेला माल मोहोपाड्याला घरपोच आला. खोका नवा, पुसायचं फडकंसुद्धा नवं. आत बिजवर नवरा. स्पेसबार अंगठ्यानं झिजून काचेसारखा चकचकीत. पालथा केला, तर कुठल्याशा ऑफिसच्या मालमत्ता क्रमांकाचं स्टिकर अर्धवट खरवडलेलं. 'ग्रेड ए' दिला कुणी? विकणाऱ्यानंच. प्रगतिपुस्तकावर पोरानंच बापाची सही ठोकावी, तसं.

प्रोसेसर सहाव्या पिढीचा, म्हणजे २०१५ चा वाण. विंडोज ११ ला इंटेलची साधारण आठवी पिढी तरी लागते, आणि विंडोज १० ची नेहमीची सेवा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. जाहिरातीत 'आय-फाइव्ह' ठसठशीत; पिढी मात्र सोयरिकीत मुलाचं वय लपवावं तशी खाली बारीक अक्षरात. बॅटरी शंभर टक्के दाखवते आणि स्टेशनावर मेमूची वाट बघता बघता मान टाकते. तक्रार केली. उत्तर आलं, "सर, बॅटरी वॉरंटीत येत नाही."

तर मंडळी, आय-फाइव्हच्या पुढचा नंबर आधी वाचा. सहा-सात हजारांतला, म्हणजे सहाव्या-सातव्या पिढीचा असेल, तर हात आवरा.