बघ्यांच्या साक्षीने

आपल्याकडे माणूस नुसता बसलेला कुणाला बघवत नाही. देवळात बसा, जप चाललाय असं धरून चालतात. पारावर बसा, रिटायर झाला असं समजतात. इस्पितळाच्या बाकावर बसलात तर कुणीतरी चहासुद्धा आणून देईल. पण नदीकाठी गळ टाकून बसलात की अख्ख्या पंचक्रोशीला घोर लागतो. हा माणूस करतोय काय, आणि याला घरी कुणी विचारत नाही काय?

गळाच्या मासेमारीला संयम लागतो असं जो तो सांगतो. साफ खोटं. मासा यायचा तेव्हा येतो. तोवर पाण्याकडे बघत बसायला कुणाच्या बापाचं काय जातं? संयम लागतो तो काठावरच्या माणसांसाठी. पवनेवर जा, नीरेवर जा, वीर धरणाच्या फुगवट्यावर जा. तुम्ही काठी जुळवता, गळाला पीठ लावता, दोर पाण्यात सोडून दगडावर टेकता न टेकता तोच मागून आवाज येतो, "लागला का?"

या बघ्यांचे प्रकार आहेत. पहिला मोटारसायकलवाला. हा गाडी बंद करत नाही, उतरतही नाही. एक पाय जमिनीवर टेकवून विचारतो, उत्तराची वाट न बघता निघून जातो. निरुपद्रवी माणूस. दुसरा शेळ्या राखणारा पोरगा. त्याच्या म्हणण्याप्रमाणे मासा नेहमी काल लागलेला असतो आणि नेहमी पलीकडच्या काठाला. "काल तिकडं एकानं येवढा काढला," म्हणून तो खांद्यापर्यंत हात दाखवतो. याचं मात्र ऐकावं. पाणी कुठं खोल आहे, बाभळीचं खोड कुठं बुडालंय आणि म्हशी किती वाजता डुंबायला उतरतात, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं.

तिसरा म्हणजे शहरातून फार्महाउसवर आलेला गृहस्थ. हा हिशेब मांडतो. पेट्रोल किती, काठी केवढ्याची, दिवसभराची मजुरी किती आणि त्या भावात मार्केटात कापून, साफ करून किती रोहू आला असता. हिशेब बिनचूक असतो, त्यामुळे उत्तर देता येत नाही. आणि चौथा, सगळ्यांत अवघड. हा बोलतच नाही. मागे उकिडवा बसतो, तंबाखू मळतो, तासन् तास तरंग्याकडे बघतो. शेवटी उठून कमरेचा धोतराचा काचा झटकतो आणि सांगतो, "हितं मासा न्हाई."

अरे मग सकाळीच सांगायचं होतंस की!

हिशेबवाल्याशी दोन हात करायला मी शेवटी एक राजा शोधून काढला. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर. बाराव्या शतकात त्यानं 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. वीस-वीस अध्यायांचे पाच भाग, त्यांतला एक भाग सगळा राजाच्या करमणुकीचा. हत्ती, मल्ल, कोंबड्यांच्या झुंजी, आणि त्यातच 'मत्स्यविनोद'. काठी, दोर, गळ आणि कुठल्या माशाला काय खायला घालावं, सगळं व्यवस्थित सांगितलंय. गळाच्या मासेमारीचा आद्यग्रंथ म्हणून ज्याची पूजा होते ते इंग्रज आयझॅक वॉल्टनचं पुस्तक 1653चं. आमचा राजा त्याच्या पाचशे वर्षं पुढं. हे सगळं मी एकदा त्या गृहस्थांना ऐकवलं. ते शांतपणे म्हणाले, "राजा होता हो तो. त्याला कोण विचारणार?"

मुद्दा बिनतोड होता. मानसोल्लासात बघ्यांवर अध्याय नाही.

सामानाबद्दल बघ्यांना फार कुतूहल. सगळ्यांत घोटाळा होतो तो गळाच्या नंबरावरून. हा नंबर चपलेच्या नंबराच्या बरोबर उलटा चालतो: सोळा नंबरचा गळ चिमुकला, चार नंबरचा दांडगा. एकापर्यंत येऊन संपेल म्हणावं तर तिथून 1/0, 2/0 असे आकडे सुरू होतात आणि गळ पुन्हा मोठे मोठे होत जातात. एका गणिताच्या मास्तरांनी पाकिटावरचा 1/0 वाचला आणि बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिले. एरवी रोहूला सहा-आठ नंबर पुरतो, चिलापीला दहा-बारा. काठी कार्बनची घेतलीत तर मिरवायला छान, पण कार्बनमधून वीज वाहते. नदीकाठच्या मोटारींना गेलेल्या तारा बघून मगच काठी उभी करावी. हे बाकी थट्टेत सांगत नाही.

काठी नसली तरी अडत नाही हे मला काठावरच्या मामांकडून कळलं. मामा जातीचे भोई, धरणावरच्या मच्छीमार सोसायटीचे सभासद. (धरणातल्या माशांचा ठेका अशा सोसायट्यांकडे असतो. गळ टाकण्याआधी त्यांना विचारावं. बहुतेक जण नाही म्हणत नाहीत, फक्त हसतात.) मामा जाळं टाकतात ते पोटासाठी. जाळं सुकत घातलं की मात्र करमत नाही म्हणून प्लॅस्टिकच्या बाटलीला गुंडाळलेला तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोर, काढतात, एक शिशाचा तुकडा, एक गळ, झालं. दोर पाण्यात सोडून तर्जनीवरून घेतात. त्या बोटाच्या पेरावर तंगुसानं कापून कापून एक पांढरी खाच पडली आहे, आणि दोर बरोबर त्या खाचेत बसतो. बोट जरासं वाकलेलं, नजर भलतीकडेच, तोंडानं सोसायटीच्या चेअरमनला शिव्या चालू. मधेच म्हणतात, "चिलापी हाय, उगं टुकटुक करतीया." पुन्हा चेअरमन. मग एकाएकी बोलणं तुटतं, बोट सरळ होतं, मनगट फक्त इतकंसं मागं येतं आणि तीन किलोचा रोहू तिकडं पाण्यात उसळी घेतो. माझा तरंगा तोवर शेजारीच तपश्चर्येला बसलेला.

"मामा, तुम्हाला कळतं कसं?"

"सायेब, टुकटुक करनाऱ्याकडं बघायचंच न्हाई. वढील त्यो आपला."

मामांचं म्हणणं शास्त्राला धरून आहे. रोहू, कटला, मृगळ यांच्या जबड्यांत दात नसतात. असतात ते घशात. घास ओढून घ्यायचा, घोळवायचा आणि शंका आली की थुंकून टाकायचा, हे काम क्षणात उरकतं. चिलापी तर निव्वळ भुरटी. मूळची आफ्रिकेतली, 1952 साली भारतात आली, पिलं तोंडात धरून वाढवते आणि उरलेल्या वेळात दुसऱ्यांच्या गळावरचं पीठ खाते. उजनीत तर तिचंच राज्य. भिगवणच्या खानावळीत तळलेली समोर आली की मी तिला सगळं माफ करतो.

आता पीठ. या विषयावर कुणीच खरं बोलत नाही. भाऊ भावाला सांगत नाही. बंगालमध्ये तिकीट काढून तळ्यावर बसतात आणि लाल मुंग्यांची अंडी वापरतात म्हणे. ती आपल्याकडे गोळा करायची तर आधी आंब्यावर चढायचं आणि मग अंगभर खाजवत उतरायचं. मी आपला स्वयंपाकघरापुरता. कणीक, शेंगदाण्याची पेंड कुटून, भाजलेलं बेसन, गूळ, जराशी बडीशेप. पिठात पिंजलेल्या कापसाचे तंतू मिसळले की गोळा पाण्यात लवकर विरघळत नाही. मळताना ते बोटांना चिकटायचं थांबून गळाला चिकटायला लागेल तिथं हात थांबवायचा. मग सुपारीएवढी गोळी करून पेल्यातल्या पाण्यात सोडायची आणि घड्याळ लावायचं. दहा मिनिटं टिकली की पास.

हे प्रयोग ओट्यावर चालतात, त्यामुळे बघे घरातही आहेत.

"अहो, चकलीची भाजणी कुठाय?"

"थोडी घेतली आहे."

"थोडी? डबा पालथा घातलाय! आणि एवढं मऊसूत पीठ मळता येतं तर पोळ्यांच्या वेळी हात दुखतो तो कुणाचा?"

भाजणीचा गुण मात्र सांगितलाच पाहिजे. खरपूस वास, धने-जिऱ्याचा दर्प आणि तळाशी जाऊन हळूहळू सुटणारी भरड. मृगळ तिच्यावर येतो. त्याचं तोंड खालच्या बाजूला असतं, तो तळाचं खातो. कटल्याचं तोंड वरच्या बाजूला वळलेलं, त्याची पंगत पाण्याच्या वरच्या थरात. रोहू मधला. म्हणून तरंगा सरकवून गळाची खोली बदलायची. सगळा दिवस एकाच खोलीवर बसून "आज मासा खात नाही" म्हणणारे पुष्कळ असतात. मासा खात असतो. वरच्या मजल्यावर.

मरळीची गोष्ट निराळी. ती गवतात, जलपर्णीच्या कडेला दबा धरून असते आणि हवा घ्यायला वर येते. पावसाळ्यात एखाद्या ठिकाणी तांबूस पिलांचा घोळका पृष्ठभागावर खदखदताना दिसला तर खाली आई-बाप राखणीला आहेत असं समजावं आणि तिथं आमिषाचा बेडूक टाकू नये. ती भुकेनं येत नाही, पोरांसाठी येते. तिला तशी धरून आणून फोटो काढणाऱ्यांचं मला कौतुक नाही.

खरी जत्रा भरते ती मोठा मासा लागल्यावर. रीळ करकरायला लागलं की कुठून कुठून माणसं उगवतात. शेळ्यावाला शेळ्या सोडून येतो, मोटारसायकल या वेळी बंद होते, गृहस्थ हिशेब विसरतात. आणि सगळे एका सुरात ओरडतात, "ओढा! ओढा!" ओढायचं नसतं हो! रीळचा ड्रॅग, म्हणजे दोराचा ब्रेक, सैल ठेवायचा, मासा पळेल तिकडं पळू द्यायचा, काठी उभी धरून तिच्या वाकण्यावर त्याला दमवायचा आणि तो थांबला की तेवढाच दोर गुंडाळायचा. पण हे पंधरा माणसांना त्या क्षणी कोण समजावणार? एक जण पँट दुमडून पाण्यात उतरतो. दुसरा मदत म्हणून दोर हातात धरतो. ताणलेला तंगूस हातात धरला की काठीचं वाकणं संपलं आणि दोराचं आयुष्यही. टण्! मग सगळे माझ्याकडे बघतात. "सोडला राव तुम्ही."

गळवाले सुटलेल्या माशाबद्दल थापा मारतात असा आमचा लौकिक आहे. मला त्या कधी माराव्या लागल्या नाहीत. मी गाडीपाशी पोचेपर्यंत चहाच्या टपरीवर तो मासा पंधरा किलोचा झालेला असतो.

पण मासा सुटणं लोक समजून घेतात. सोडणं समजून घेत नाहीत. मावळात एका ओढ्याच्या तोंडाशी मला वीतभर महाशीर लागला. सोनेरी खवले, प्रत्येक खवल्याला गडद कड, ओठ जाड, मिशांच्या दोन जोड्या. हात ओले करून धरला, कारण कोरड्या हातानं अंगावरचा बुळबुळीत थर निघतो; गळाचा काटा आधीच पकडीनं चेपून ठेवलेला, त्यामुळे गळ सहज निघाला. पाण्यातच धरून ठेवला, कल्ले नीट हलायला लागले आणि सोडला. मागे शांतता पसरली. मग एक आवाज, "सोडला? मुद्दाम?"

"हो."

"मग धरला कशाला?"

याला उत्तर नाही. इंग्लंडात नदीतला असा मासा धरून परत सोडतात, वर 15 मार्चपासून 15 जूनपर्यंत नदीवर अशा माशांसाठी गळच टाकत नाहीत, हे सांगून उपयोग नव्हता. मी त्यांना सांगितलं की आपल्या दख्खनच्या महाशीराची शास्त्रीय नोंद 1839 साली कर्नल साइक्सनं केली, ती पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. आज पुण्यात पुलावरून खाली बघा, जलपर्णी दिसेल. वाळणकोंडीला, महाडजवळ, देवाचे म्हणून हेच मासे लोक सांभाळतात, चुरमुरे घालतात, आणि तिथं कुणी विचारत नाही की धरत का नाही. मंडळींनी ऐकून घेतलं. एक म्हातारे म्हणाले, "देवाचे म्हंजे निराळं. तुम्ही काय देव हाय?"

पवईच्या तलावावर हा त्रास बराच कमी. तिथं मगरी आहेत, त्यामुळे लोक पाण्याकडे बघतात, तुमच्याकडे नाही.

तर बघ्यांना एवढीच विनंती. जरूर या. सावली पाण्यावर पडू देऊ नका, माशाला वरचं हललेलं चटकन दिसतं. टाचा आपटू नका. जमिनीतला हादरा पाण्यात जातो आणि माशाच्या कुशीवर जी रेघ असते तिला तो थेट कळतो. खडे टाकून मासा आहे का ते बघू नका. दोर हातात धरू नका. बोलायला मात्र हरकत नाही. हवेतला आवाज पाण्यात जवळजवळ शिरतच नाही, तेव्हा मोबाइलवर कितीही मोठ्यानं बोललात तरी माशाला काही फरक पडत नाही.

मला पडतो.