स्वस्तात घरची फायरवॉल: नवशिक्यांसाठी

घरच्या इंटरनेटला संरक्षण हवं असं मनात आलं, की आधी नात्यातला 'कॉम्प्युटरवाला' गाठावा. प्रत्येक घराण्यात एक असतोच. तो मेकॅनिकल इंजिनिअर असला तरी चालतो. कधीकाळी त्याने कुणाचा तरी प्रिंटर सुरू करून दिला होता, एवढी पात्रता पुरते. आपल्या सोयीसाठी तो भाचा आहे असं धरू. तो राउटरचं एक मॉडेल सांगेल. ते कागदावर लिहून घ्यावं आणि कागद घरी विसरावा.

मुंबईत असाल तर लॅमिंग्टन रोड गाठावा. दुकानात शिरल्यावर अँटेना मोजाव्यात. शिंगं बघून बैल घेणाऱ्या गिऱ्हाइकाला बाजारात जो मान असतो, तोच इथेही मिळतो. अँटेनांचा संबंध सिग्नल कुठवर पोचतो याच्याशी. सुरक्षेशी काडीचाही नाही. पण शेजाऱ्यांना दिसतात त्या अँटेनाच.

मग खोक्यावर ठळक अक्षरांत 'अ‍ॅडव्हान्स्ड फायरवॉल' छापलंय का ते पाहावं. छापलेलं असतंच. घरातल्या उपकरणाने काही मागितलं तर त्याचं उत्तर आत घ्यायचं आणि न बोलावता आलेलं दारातच टाकून द्यायचं, हे काम हजार-बाराशेचा राउटरही निमूटपणे करतो. त्याच कामाचे चार हजार मोजल्याने झोप जास्त चांगली लागत असेल, तर जरूर मोजावेत.

दुकानदाराला एक प्रश्न मात्र विचारू नये: "याला अपडेट किती वर्षं मिळतील?" त्या बिचाऱ्याचा दिवस खराब होतो. ब्रिटनमध्ये 29 एप्रिल 2024 पासून हे सांगणं कंपनीवर कायद्यानेच बंधनकारक आहे, आणि सगळ्या नगांना एकच पासवर्ड घालून विकायलाही बंदी आहे. आपण दुकानाच्या पायरीवर उभं राहून मोबाइलवर कंपनीचं सपोर्टचं पान उघडावं आणि शेवटचं फर्मवेअर, म्हणजे राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर, कधी आलं ते बघावं. तारीख लॉकडाऊनच्या काळातली निघाली, तर सूट कितीही असो, खोकं परत द्यावं. शोधताना तळाच्या स्टिकरवरचा 'व्ही 2', 'व्ही 3' हा बारीक आकडाही जुळवावा. एकाच नावाखाली आतली चिप वेगळी असू शकते, आणि एकाचं फर्मवेअर दुसऱ्याला चालत नाही. मॉडेल ओपन-डब्ल्यूआरटीच्या यादीत असेल तर फारच उत्तम. कंपनीने हात वर केले तरी त्या मोफत फर्मवेअरवर राउटर पुढे चालवता येतो.

राउटर घरी आला. आता तो शोकेसमध्ये, क्रोशाच्या रुमालावर, फुलदाणीच्या मागे ठेवावा आणि पासवर्ड 'admin' असेल तर तसाच राहू द्यावा. लक्षात ठेवायला सोपा आहे. 2016 मध्ये 'मिराय' नावाच्या मालवेअरलाही तो सोपाच गेला. त्याच्याकडे कारखान्यातून येणाऱ्या नाव-पासवर्डांच्या साठेक जोड्या होत्या, बाकी फार हुशारी लागली नाही. तेवढ्यावर त्याने जगभरचे कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले आणि 21 ऑक्टोबरला अशाच उपकरणांच्या फौजेने वेबसाइटचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन या कंपनीवर हल्ला केला. अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स तासन्‌तास अडखळले. त्या कॅमेऱ्यांच्या मालकांना पत्ताही नव्हता. त्यांचं आपलं चित्र नीट दिसत होतं. पुढच्याच वर्षी, जुलै 2017 मध्ये, आपल्याकडे बीएसएनएलच्या मोडेमवर मालवेअरचा हल्ला झाला आणि ग्राहकांना सांगण्यात आलं की बाबांनो, मूळचा पासवर्ड बदला.

बदलायचाच असेल तर वाय-फायचा बदलून थांबू नये, राउटरच्या सेटिंगचा वेगळा असतो तोही बदलावा. सेटिंगच्याच पानावर डब्ल्यूपीएस, म्हणजे पिन टाकून वाय-फायला जोडायची सोय, दिसेल. ते बंद करावं. त्याचा पिन आठ आकडी, म्हणजे दहा कोटी शक्यता, असं वाटतं. पण शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून ठरतो आणि राउटर पहिले चार बरोबर की चूक हे आधीच सांगून टाकतो. त्यामुळे जास्तीत जास्त 11,000 प्रयत्नांत काम होतं. हे 2011 मध्येच उघड झालं. बाहेरून सेटिंग बदलू देणारं रिमोट मॅनेजमेंटही बंद. पाहुणे पाण्याआधी वाय-फाय मागतात, त्यांच्यासाठी गेस्ट नेटवर्क चालू करावं; टीव्ही आणि कॅमेऱ्यालाही तिथेच बसवावं.

नेटवाल्याने भिंतीवर लावलेला पांढरा डबाही बहुधा राउटरच असतो. त्याच्यामागे आपला लावला की दोन राउटर एकच काम करत बसतात. हेल्पलाइनला फोन करून 'ब्रिज मोड' म्हणावं, म्हणजे डबा राउटरचं काम सोडून नेट नुसतं पुढे सोडतो. पलीकडून "सर, लाल दिवा लागलाय का?" असं येईल. धीर सोडू नये, पुन्हा म्हणावं.

एव्हाना भाचा घरी येतो आणि राउटरकडे बघून हसतो. त्याच्या मते माळ्यावरचा जुना पीसी काढावा, त्याला दुसरं लॅन कार्ड लावावं आणि ओपीएनसेन्स हे फायरवॉलचं सॉफ्टवेअर टाकावं. सॉफ्टवेअर खरंच फुकट, आणि खरंच उत्तम. 60 वॅटचा पीसी चोवीस तास चालला तर महिन्याला 43 युनिट होतात, तेवढं महावितरणला द्यावं. शिवाय नियम लिहिणारा भाचा बंगळुरूला गेला की पीसीला हात लावायची कुणाची हिंमत होत नाही. ज्याला हे स्वतः शिकायचंय त्याने खुशाल करावं. बाकीच्यांनी भाच्याला चहा देऊन वाटेला लावावं.

शेवटी, सगळ्या सेटिंगची बॅकअप फाइल पेनड्राइव्हवर घ्यावी. कारण एके दिवशी नेट हळू चालेल, केबलवाल्याचा मुलगा येईल, डबा सोडून तुमच्याच राउटरच्या मागचं ते बारीक भोक बघेल आणि म्हणेल, "काकू, एक टाचणी द्या." दहा सेकंदांत सगळं कारखान्यातून आलं तसं होतं, पासवर्डसकट. टाचण्यांची डबी आधीच लपवावी.